कार्ड लावलं की स्क्रीनवर पट्टे, कचरा नाहीतर काळोख: स्पेक्ट्रमचं परत परत येणारं दुखणं

मंडळी, हा प्रश्न सारखा सारखा येतोय म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो. लक्षण असं की झेडएक्स स्पेक्ट्रम किंवा स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, एकटं चालू केलं की छान चालतं, पण मागं जॉयस्टिकचा इंटरफेस, एसडी कार्डवाला इंटरफेस किंवा घरी बनवलेलं कुठलंही बोर्ड लावलं की टीव्हीवर आडवे गडद पट्टे सरकायला लागतात, नाहीतर रंगीत चौकोनांचा कचरा येतो, नाहीतर गेम चालू असताना मधेच मशीन रिसेट होतं, आणि कार्ड काढलं की परत सगळं ठीक. मग कुणीतरी ठामपणे सांगतं की युएलए (चित्र तयार करणारी मोठी चिप) गेली, कुणी म्हणतं रॅम गेली, पैसे घालून त्या बदलल्या जातात, थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच.

सांगली, मिरज, तासगाव आणि तिकडं कराड-साताऱ्यापर्यंतची जी मशीनं माझ्याकडं येतात त्यात पुण्याच्या डेसिबेल्सनं ऐंशीच्या दशकात विकलेली डीबी स्पेक्ट्रम प्लस बरीच असतात, काही त्या काळी इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेली असतात. मूळ स्पेक्ट्रम १९८२ चं, प्लस १९८४ चं, कीबोर्ड वेगळा पण आतला बोर्ड त्याच घराण्यातला, त्यामुळं खाली लिहिलेलं दोन्हीला लागू. कार्ड लावल्यावर चित्र बिघडतं तेव्हा चिप क्वचितच गेलेली असते, बहुतेक वेळा दोष सप्लायमध्ये, एज कनेक्टरच्या (मागं जिथं कार्ड बसतं ती बोर्डाची कडा) कॉन्टॅक्टमध्ये नाहीतर कार्डाच्या डिझाइनमध्ये असतो, आणि यातला कुठला ते स्क्रीनच सांगते. या मशीनमध्ये चित्र थेट रॅममधून सेकंदाला पन्नास वेळा वाचलं जातं, म्हणून सप्लायमध्ये किंवा बसवर (चिपांना जोडणाऱ्या सामाईक लाईनवर) जरा काही हललं तरी ते पडद्यावर उमटतं. सोल्डरगन गरम करण्याआधी दोन मिनिटं नुसतं चित्राकडं बघा.

त्याआधी एक नियम, यात तडजोड नको. मशीन चालू असताना कार्ड लावायचं नाही, काढायचं नाही, हलवून पण बघायचं नाही. पॉवर काढा, मग हात लावा. कारण एज कनेक्टर कसा आहे बघा: २८ जागा, वर-खाली दोन्ही बाजूला पट्ट्या, दोन पट्ट्यांत अंतर २.५४ मिलिमीटर. खालच्या बाजूला तिसऱ्या जागेवर +५ व्होल्ट, लगेच शेजारी चौथ्यावर +९, पाचव्या जागी खाच, आणि खाचेच्या पलीकडं शून्य व्होल्ट. वरच्या बाजूला -५ आणि +१२ पण आहेत. म्हणजे खाचेत बसणारी ती प्लॅस्टिकची पट्टी कनेक्टरमध्ये नसेल आणि कार्ड एका जागेनं सरकलं तर ९ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या लाईनवर. बऱ्याच हौशी लोकांनी बनवलेल्या कार्डांमध्ये ही पट्टी नसते. नसेल तर जुन्या कार्डाचा प्लॅस्टिकचा तुकडा कापून पाचव्या जागेत फिक्स करा, मगच ते कार्ड मशीनला लावा.

आणि चालू मशीनवर कार्ड हललं की सगळ्यात आधी मरतो तो टीआर ४. हा ट्रान्झिस्टर आणि त्याच्याजवळची छोटी कॉईल मिळून ९ व्होल्टपासून १२ आणि -५ व्होल्ट तयार करतात. खालच्या १६के (१६ किलोबाइट) रॅमच्या ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात, +१२, +५ आणि -५, आणि त्यात -५ गेलं पण १२ चालू राहिलं तर त्या जास्त करंट ओढून तापतात आणि एकेक करून जातात. म्हणून मशीन उघडल्यावर पहिलं काम, मीटर लावून कुठल्याही एका ४११६ वर बघा: पिन १ वर -५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५, आणि ग्राउंड पिन १६ वर. हो, ग्राउंड १६ वर, बाकीच्या चिपांसारखं समजून ८ वर काळा प्रोब लावलात तर आकडे भलतेच दिसतील. -५ नसेल तर लगेच बंद करा, चालू ठेवून बघू नका.

आता चित्र वाचूया.

आडवे गडद पट्टे वर नाहीतर खाली सावकाश सरकत असतील तर ते सप्लायचं काम आहे, आणि पट्टे किती आहेत ते मोजा. दोन पट्टे म्हणजे १०० हर्ट्झचा रिपल (डीसीत उरलेला चढउतार), म्हणजे अॅडाप्टरमधल्या ब्रिजनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांनंतरचा) मोठा कंडेन्सर सुकलाय. एकच रुंद पट्टा म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे ब्रिजमधला एखादा डायोड ओपन आहे किंवा टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि कॉम्प्युटर यांच्यात अर्थिंगचा लूप झालाय. पट्टा सरकतो का तर ४८के स्पेक्ट्रमची एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, ६९,८८८ क्लॉकची असते, क्लॉक ३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५०.०८ फ्रेम, आणि लाईट येते ५० हर्ट्झची. दोन्हीत ०.०८ चा फरक, म्हणून पट्टा साधारण बारा-तेरा सेकंदात अख्खी स्क्रीन पार करतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी थोडी वरखाली होत असते त्यामुळं कधी सात-आठ सेकंद लागतील, कधी अर्धा मिनिट, पण हा संथपणाच ओळख आहे. टीव्हीचं सेटिंग बदलून हा पट्टा जाणार नाही.

हे कार्ड लावल्यावरच का होतं ते आकड्यात बघितलं की डोक्यात बसतं. मूळ अॅडाप्टर ९ व्होल्ट १.४ अँपिअरचा, पण तो रेग्युलेटेड नाही, नुसता ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कंडेन्सर. ५ व्होल्ट करण्याचं काम मशीनमधला ७८०५ करतो आणि त्याला इनपुटला निदान ७ व्होल्ट लागतात. समजा करंट ०.८ अँपिअर आणि कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरड. १०० हर्ट्झला एक फेरी १० मिलिसेकंदांची, म्हणजे रिपल जास्तीत जास्त ३.६ व्होल्ट. लोडवर सरासरी ११ व्होल्ट येत असतील तर खालचं टोक ९.२, काही अडचण नाही. आता हे इंग्लंडचे अॅडाप्टर २४० व्होल्टला गुंडाळलेले, आणि आपल्याकडं संध्याकाळी डीपीवर लोड आला किंवा रानातल्या मोटारी चालू झाल्या की घरात १९० येतात. मग ११ चे झाले ८.७, आणि खालचं टोक ६.९. सातच्या खाली गेलं. आता कंडेन्सर चाळीस वर्षांचा आहे, निम्माच उरलाय, आणि वरून तुम्ही आणखी करंट खाणारं कार्ड लावलंय. प्रत्येक फेरीत थोडा वेळ ७८०५ ला पुरेसं व्होल्टेजच मिळत नाही, ५ व्होल्टची लाईन तेवढ्यापुरती खचते आणि तोच तुमचा गडद पट्टा. अजून खचली की टीआर ४ चा ऑसिलेटर अडखळतो, रॅममधलं सगळं उडतं, आणि रिसेट.

म्हणूनच लोक म्हणतात की दिवसा चालतं आणि संध्याकाळी बिघडतं, किंवा पुण्याला भावाकडं चालत होतं आणि गावाकडं आणलं की बंद. गावचं हवामान लागत नाही त्याला, व्होल्टेज डाऊन असतं. अशी तक्रार असेल तर पट्टे दिसतात तेव्हाच घरातलं व्होल्टेज मोजा, नंतर मोजून उपयोग नाही.

याची खात्री करायची सोपी रीत: आठ रिचार्जेबल पेन्सिल सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, सिरीजमध्ये ९.६ व्होल्ट. त्यावर मशीन थोडा वेळ चालतं. सेलवर पट्टे गेले तर अॅडाप्टर दोषी, नाही गेले तर पुढं वाचा. इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी सरळ लावू नका, ७८०५ वर साडेसात व्होल्टचा भार पडतो आणि तो भाजून निघतो. आणि पोलॅरिटी! स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतो, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ९ व्होल्टच्या अॅडाप्टरच्या उलट. लाल प्रोब आतल्या भोकात घातला की मीटरवर वजा दिसलं पाहिजे. गिटार पेडलचे अॅडाप्टर असेच आत निगेटिव्हवाले असतात पण त्यातले बरेच कमी अँपिअरचे, दीड-दोन अँपिअरचा असेल तरच घ्या.

उपाय म्हणाल तर जुना अॅडाप्टर उघडून कंडेन्सर ४७०० चा टाकता येतो, त्यानं वरच्या हिशोबातला रिपल ३.६ वरून १.७ वर येतो, पण त्यात २३० व्होल्ट आहेत, ज्याला त्याची सवय नाही त्यानं उघडू नये. माझं मत विचाराल तर चांगला रेग्युलेटेड ९ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग अॅडाप्टर) घ्या आणि टोकाची पिन उलटी करून घ्या. घरात १५० व्होल्ट आले तरी तो ९ च देतो. फक्त अगदी स्वस्तातला घेतलात तर स्क्रीनवर बारीक तिरक्या रेषांची जाळी दिसते, वेगानं सरकणारी, ती स्विचिंगची नॉइज. तसं दिसलं तर कार्डाच्या किंवा मशीनच्या मागं लागू नका, अॅडाप्टर बदला.

चित्र वीस-पंचवीस मिनिटं छान आणि मग रिसेट, पुन्हा थंड झालं की चालू, असं असेल तर ७८०५ तापतोय. कार्डाचा करंट त्याच्यातूनच जातो ना. पत्र्याच्या हीटसिंकवरची जुनी पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते, पुसून नवीन लावा, स्क्रू घट्ट करा. मे महिन्यात आपल्याकडं खोलीतच इतकं तापतं की हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. ७८०५ च्या जागी बसणारं छोटं स्विचिंग मॉड्युल मिळतं, उष्णता जवळजवळ संपते, मी सुचवतो ते.

आता दुसरं चित्र: पट्टे नाहीत, पण रंगीत चौकोन, उभ्या रेषा, कचरा. इथं थोडं थांबून जवळून बघा, खरंच टीव्हीच्या जवळ जाऊन. चित्राची मेमरी १६३८४ पासून सुरू होते, एकूण ६९१२ बाइट, त्यातले ६१४४ ठिपक्यांचे आणि ७६८ रंगांचे. एक बाइट म्हणजे शेजारशेजारचे आठ ठिपके, आणि त्या आठातला प्रत्येक ठिपका वेगळ्या ४११६ चिपमधून येतो. त्यामुळं दर आठ ठिपक्यांनंतर एक बारीक उभी रेष, स्क्रीनभर अशा बत्तीस रेषा दिसल्या तर एकच बिट अडकलाय. मशीन एकटं असताना पण दिसल्या तर ती एक चिप. पण कार्ड लावल्यावरच दिसत असतील तर रॅमला दोष देऊ नका, कारण रॅम आणि सीपीयूच्या डेटा लाईनमध्ये ४७० ओहमचे रेझिस्टर आहेत, कार्ड सीपीयूच्या बाजूला बसतं, ते तिथली एक लाईन दाबून धरतंय आणि सीपीयू रॅममध्ये चुकीचंच लिहितोय. म्हणजे कनेक्टरमध्ये शॉर्ट, कार्डावर शॉर्ट, नाहीतर कार्डाचा बफर (बसवर डेटा टाकणारी चिप) सतत उघडा.

वरची ३२के रॅम गेली तर चित्र बिघडत नाही, कारण चित्र तिच्यात नसतंच. ती बघायची असेल तर बेसिकमध्ये प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ करा, ६५५३५ आलं तर ४८के शाबूत, ३२७६७ आलं तर वरची रॅम दिसत नाहीये.

कॉन्टॅक्टबद्दल. आपला पावसाळा आणि त्यात कृष्णेचं पाणी. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात ज्यांची कपाटं तळमजल्यावर होती त्यांच्याकडची मशीनं अजून निघतायत. वरून पुसलेली, वाळलेली, दिसायला स्वच्छ. पण एज कनेक्टरच्या पट्ट्यांवर मोबाईलचा टॉर्च तिरका पाडून बघा, दोन पट्ट्यांच्या मधल्या हिरव्या भागात करड्या रंगाचा एक थर दिसेल, तो पुराचा गाळ. कोरडा असताना काही करत नाही, हवेत दमटपणा आला की करंट वाहून नेतो. म्हणून हे मशीन एप्रिलमध्ये चालतं आणि जुलैत बिघडतं. असा बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशनं धुवा, चिपांच्या खाली पण पाणी गेलं पाहिजे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मग पंख्याखाली चांगला वाळू द्या. उन्हात नको, प्लॅस्टिक वाकतं. विश्रामबागच्या एका काकांनी असं बुडालेलं मशीन आणून दिलं होतं, ते म्हणाले, "अरे बघ की जरा, पोरांचं लहानपण त्याच्यावर गेलंय." कीबोर्डची मेंब्रेन गेली होती, ती नवीन टाकली, बोर्ड मात्र नुसत्या धुण्यानं चालला, एक चिप बदलावी लागली नाही.

पूर आला नसला तरी पट्ट्या काळवंडतात. अल्कोहोल आणि कापड, तेवढं पुरतं. खोडरबर घासणाऱ्यांना विनंती, एकदा हलक्या हातानं ठीक आहे, दर वेळी घासलं तर वरचा मुलामा जातो आणि तांबं उघडं पडून परत काळं होतं. भडंग खाता खाता कनेक्टरला हात लावू नका, तेल आणि मीठ दोन्ही तिथंच बसतं आणि पावसाळ्यात ओल धरतं. कार्डाच्या बाजूच्या सॉकेटमध्ये आतल्या पितळी पात्या सैल झालेल्या असतात, ते बघायला कुणी जात नाही. सॉकेट रिकामं धरून आत बघा, एखादी पाती बाकीच्यांपेक्षा मागं गेली असेल तर सुईच्या टोकानं हलकेच पुढं आणा. आणि कार्ड उंच असेल तर खाली काहीतरी आधार द्या, त्याच्या वजनानं कनेक्टर वाकतो आणि टाइप करताना हलतो.

सप्लाय ठीक, कॉन्टॅक्ट स्वच्छ, तरी कार्ड लावलं की गडबड, तर कार्डाचं डिझाइन बघायला लागेल. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन पोरं स्वतः बोर्ड बनवतायत, ते बघून मनापासून आनंद होतो, आणि तीच एक चूक सगळ्या बोर्डांत दिसते. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन ७४ सीरिजच्या लॉजिक चिपा मागितल्या की त्यातली एचसी जात देतात, कारण ती सगळीकडं असते. स्पेक्ट्रमला एचसीटी पाहिजे. यातला सीपीयू, म्हणजे जुना एनमॉस झेड८०, 'हाय' म्हणून खात्रीनं देतो २.४ व्होल्ट. एचसीला ५ व्होल्टवर 'हाय' समजायला साडेतीन व्होल्ट लागतात, एचसीटीला दोनच. प्रत्यक्षात झेड८० त्याहून जास्त देतो म्हणून एचसीवालं कार्ड टेबलावर चालतं, मित्राच्या मशीनवर चालत नाही, आणि तापल्यावर कुठंच चालत नाही. चार-पाच चिपा बदलायच्या, पिन त्याच, फक्त एक टी जास्त. एलएस जात पण चालते, पण मग भार मोजा: झेड८० ची एक पिन 'लो' असताना साधारण १.८ मिलिअँपिअर खेचू शकते, एलएसचं एक इनपुट ०.४ पर्यंत देतं, म्हणजे चार इनपुट झाले की संपलं. ४८के मध्ये बसवर मधे बफर नाही, सगळी कार्डं थेट सीपीयूच्या पायांवर लटकलेली असतात. एकामागं एक तीन कार्डं लावून चित्र जातं ते बऱ्याचदा यामुळंच.

प्रत्येक चिपच्या पॉवर पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरड, आणि कनेक्टरच्या तोंडाशी १० ते ४७ मायक्रोफॅरडचा एक. हे टाळू नका. बोर्डावर ग्राउंडची नुसती एक बारीक रेष नको, एक बाजू पूर्ण ग्राउंड ठेवा. रिबन केबलनं कार्ड लांब नेत असाल तर वितीपेक्षा जास्त नको.

डिकोडिंग, म्हणजे कार्डानं आपला पोर्ट नंबर ओळखणं. युएलए प्रत्येक सम पोर्टला उत्तर देते, ती फक्त ए० (अॅड्रेसची सगळ्यात खालची लाईन) बघते. केम्पस्टन जॉयस्टिकचा पोर्ट ३१, पण बरेच स्वस्त इंटरफेस नुसती ए५ शून्य आहे का तेवढंच बघतात, म्हणजे बाकी शंभरेक पोर्टांवर पण तेच बोलणार. दुसरं कार्ड त्यातल्या पोर्टवर असलं की दोघं एकदम डेटा बसवर, पहिलं कार्ड लाईन शून्याकडं ओढतंय, दुसरं एककडं, आणि मशीन लटकलं. ए५, ए६, ए७ तिन्ही घ्या, सोबत आयओआरक्यू (सीपीयू पोर्टशी बोलतोय याचा सिग्नल) आणि आरडी (वाचतोय याचा) दोन्ही घ्या. नुसती आयओआरक्यू बघून बफर उघडणारं कार्ड इंटरप्ट अॅकनॉलेजच्या (सीपीयू इंटरप्टची दखल घेतो त्या) वेळी पण उघडतं, आणि तो इंटरप्ट येतो प्रत्येक फ्रेमला, सेकंदाला पन्नास वेळा. आणि रॉम बदलणारी दोन कार्डं, म्हणजे दोघंही रॉमसीएस ओढणारी, एकत्र लावायची असतील तर आधी त्यांच्या माहितीपत्रकात ते चालतं का बघा.

काही गोष्टी दोषासारख्या दिसतात पण दोष नाहीत. कार्ड लावलं की ठराविकच गेम हँग होतात, बाकी सगळे चालतात, असं असेल तर तो गेम इंटरप्ट मोड २ वापरतो आणि बसवर कायम २५५ मिळेल असं धरून चालतो, तुमच्या कार्डामुळं तिथं दुसरंच काही येतं. त्या गेमचं दुखणं आहे ते. तसंच स्क्रीनभर बर्फासारखे पांढरे ठिपके भुरभुरत असतील आणि ते एकाच प्रोग्रॅममध्ये, तर त्यानं झेड८० च्या आय रजिस्टरमध्ये ६४ ते १२७ मधला आकडा टाकलाय, सीपीयूचा रिफ्रेश आणि युएलएचं वाचन एकमेकांच्या आड येतं. हार्डवेअर उघडायची गरज नाही. आणि जे साउंड कार्ड किंवा व्हिडिओ कार्ड डिझाइन करतायत त्यांनी हे लक्षात ठेवा की कनेक्टरवरचा क्लॉक अखंड नसतो. सीपीयू खालच्या १६के रॅमकडं गेला आणि युएलए चित्र वाचत असेल तर युएलए सीपीयूचा क्लॉकच थांबवून धरते. तो क्लॉक साउंड चिपला दिला तर सूर थरथरतो, आणि ठिपके काढायला वापरला तर चित्र वेडंवाकडं होतं. स्वतःचं क्रिस्टल टाका.

टीव्हीच्या बाजूचं थोडक्यात. जुना मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेना सॉकेटला सिग्नल देणारा डबा) युएचएफ चॅनल ३६ वर असतो, नवीन एलईडी टीव्हीचा ट्यूनर तो पकडतो पण चित्र मऊ येतं, म्हणून कंपोझिट (एव्ही सॉकेटला लागणारा सरळ व्हिडिओ सिग्नल) काढून घेतलेलं बरं: मॉड्युलेटरच्या डब्यातला व्हिडिओ इनपुटचा रेझिस्टर सोडवून ती वायर १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून आरसीए सॉकेटला, प्लस बाजू स्पेक्ट्रमकडं. लेव्हल ७५ ओहमवर १ व्होल्ट पाहिजे, त्यात ०.३ सिंकचे. वाय पिन लावून दोन टीव्हींना दिलंत तर लेव्हल पडते, चित्र अंधारतं, कधी टीव्ही सरळ 'नो सिग्नल' म्हणतो. एलईडी टीव्हीला जर ३.५ एमएमचं एव्ही सॉकेट असेल तर त्याच्या केबलमध्ये व्हिडिओ कुठल्या कड्यावर आहे ते प्रत्येक टीव्हीचं वेगळं असतं, चित्र आलं नाही तर पिवळ्याऐवजी लाल किंवा पांढऱ्या पिनमध्ये लावून बघा, अर्धे 'बंद' टीव्ही तिथंच चालू होतात.

स्पेक्ट्रम ३१२ ओळींची सरळ फ्रेम देतो, टीव्हीला ६२५ ओळींच्या इंटरलेसची सवय असते, त्यामुळं काही टीव्ही अक्षरांच्या कडा दातेरी दाखवतात. तो टीव्हीचा हिशोब आहे, मशीनचा नाही, दुसरा टीव्ही बघा. रंग अजिबात नसेल तर आधी टीव्हीच्या मेनूत ऑटोऐवजी पाल निवडा. तरी नाही आला तर ४.४३३६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि त्याच्या शेजारी ट्रिमर असेल तर तो, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं अगदी केसभर फिरवा, रंग येतो तिथं थांबा. आणि ४८के च्या एज कनेक्टरवर व्हिडिओ आणि रंगाचे सिग्नल पण आणलेत, त्यामुळं रंग फक्त कार्ड लावल्यावरच जात असेल तर खालच्या बाजूच्या पंधरा ते अठरा या जागांवर कार्डानं काही जोडलंय का किंवा गाळ आहे का तेवढं तपासा.

अजून एक, हे जिवाशी संबंधित आहे. दोन पिनचा एसएमपीएस, दोन पिनचा टीव्ही, घरात अर्थिंग नाही, अशा वेळी एव्ही केबलच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. करंट अगदी थोडा असतो पण व्होल्टेज १०० च्या वर असू शकतं आणि चालू असताना केबल खुपसली की तो झटका व्हिडिओच्या ट्रान्झिस्टरला बसतो. सगळ्या केबल आधी जोडा, मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटन दाबा, आणि काढताना उलट क्रमानं. झिणझिण्या जोराच्या असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, मशीन राहू द्या बाजूला.

हे सगळं करून पण अडलात तर विचारा, पण विचारताना एवढं द्या: बोर्डावर छापलेला इश्यू नंबर, ४११६ वरची तीन व्होल्टेज कार्ड लावून आणि कार्ड काढून, ७८०५ च्या इनपुटचं व्होल्टेज डीसी रेंजवर आणि एसी रेंजवर, कार्डावरच्या चिपांचे नंबर पूर्ण, एचसी का एचसीटी ते दिसेल असे, आणि स्क्रीनचा फोटो नको, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, कारण फोटोत मोबाईलचे स्वतःचेच पट्टे येतात आणि तुमचा पट्टा कुठला ते कळत नाही.